पडके घर आणि बापाचे देणे

बाप गावी मरतो. मुलगा शहरात असतो. दोन पावसाळ्यांत भिंत बसते, आढे मोडते आणि एके दिवशी घरपट्टीच्या थकबाकीचा कागद येतो. हे देणे कोणाचे? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

धर्मशास्त्राने ऋण हे पाप मानले. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडावे, नातवाने मुद्दल फेडावे, असा दंडक घातला. बापाने मागे काही ठेवले की नाही, हा विचार त्यात गौण होता. मृताच्या बायकोला जो घरात घेईल त्यानेही तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज द्यावे, असेही स्मृतिकारांनी सांगून ठेवले. आता हा जाच कोणाला? ज्यांनी विधवांची डोकी भादरली, त्यांच्यात दुसरा नवरा नव्हताच. पाट लावणाऱ्या कष्टकरी जातींनाच तो होता!

मुंबई इलाख्यात १८६६ च्या सातव्या कायद्याने हे दोन्ही भार उतरवले. मृताची जी मालमत्ता हाती आली असेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी राहिली. दुसरा नवरा मोकळा झाला. तरीही १८७५ साली सुप्यापासून दंगे उसळले आणि शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. कायदा असून असे का व्हावे? कारण सावकार बापाच्या देण्याचा नवा रोखा मुलाच्या नावाने लिहून घेई. मुलाने अंगठा उठवला की बापाचे कर्ज त्याचे स्वतःचे होई. कायद्याने सोडवलेला माणूस अक्षराअभावी पुन्हा बांधला गेला.

महाराच्या वाट्याला तर याहून विचित्र वारसा आला. १८७४ च्या वतन कायद्याखाली त्याला वतनाबरोबर गावकी मिळाली. जमीन तुकड्याची, चाकरी मात्र आठ प्रहरांची. बापाच्या मागे मुलगा राबायला उभा! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे बिल मांडले ते हे जोखड काढण्यासाठीच. कनिष्ठ वतने मोडणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. सवर्णांच्या घरी वारसा म्हणजे मिळकत. आमच्या घरी वारसा म्हणजे देणे.

आज कायदा काय म्हणतो? दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार मृताचे देणे वारसाच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच वसूल होते. मुलाच्या स्वतःच्या पगारावर त्याचा बोजा नाही. २००५ च्या दुरुस्तीने, तिच्यानंतर काढलेल्या कर्जांपुरता, पुत्रधर्माचा आधारही काढून घेतला. वारसा कायदा बौद्धांनाही लागू असल्याने हे आपल्यालाही लागू आहे. बापाच्या हयातीतल्या थकबाकीलाही मालमत्तेची मर्यादा आहे. मात्र घर आपले म्हणून ठेवले, की पुढची पट्टी आणि कलत्या भिंतीची जबाबदारी आपली. हक्क घ्यायचा आणि भार नाकारायचा, हे चालणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत दोन गोष्टी सांगाव्यात. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तरी ती नोंद मृताच्या नावाने पडू देऊ नये. आणि वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. आपल्या आजांनी अंगठा दिला, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला ती सबब उरलेली नाही.