लसीकार्बुदावरील रासायनी चिकित्सेचे दीर्घकालीन फलित

लसीका तंत्रात उद्‌भवणाऱ्या व हॉजकिन रोगाहून भिन्न असलेल्या मारक अर्बुदांना ‘नॉन-हॉजकिन लसीकार्बुदे’ म्हणतात. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लूइस गुडमन व ॲल्फ्रेड गिलमन यांच्या प्रयोगांच्या आधारे अशा एका रुग्णास नायट्रोजन मस्टर्ड देण्यात आले. अर्बुद झपाट्याने ओसरले. परंतु रोग उलटून रुग्ण त्याच वर्षी मरण पावला.

१९७०–८० या दशकात सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसीन, सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन आणि प्रेडनिसोन यांची ‘चॉप’ ही योजना रूढ झाली. त्यामुळे शीघ्र वाढणाऱ्या प्रकारांतील कित्येक रुग्ण कायमचे बरे होऊ लागले. मंद वाढणारे प्रकार मात्र बहुधा काही वर्षांनी उलटत. अधिक औषधांच्या योजना अधिक गुणकारी असतील, ही अपेक्षा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने फोल ठरविली. तीन वर्षांअखेर चारही योजनांचे यश जवळजवळ सारखेच होते. औषधजन्य मृत्यू मात्र ‘चॉप’मध्ये सर्वांत कमी, सु. १% होते.

पुढे रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची जोड मिळाली. मोठ्या बी-कोशिकांच्या लसीकार्बुदाने पीडित अशा ६० ते ८० वर्षे वयाच्या रुग्णांच्या फ्रेंच गटाच्या अभ्यासात दहा वर्षांनंतर जोडउपचार घेतलेले सु. ४४%, तर केवळ ‘चॉप’ घेतलेले सु. २८% रुग्ण हयात होते.

बरे झालेल्यांत डॉक्सोरुबिसिनामुळे हृदय दुर्बल होणे, सायक्लोफॉस्फामाइडामुळे वंध्यत्व व मूत्राशयाचा किंवा रक्ताचा नवा कर्करोग हे परिणाम कित्येक वर्षांनंतरही उद्‌भवू शकतात. म्हणून डॉक्सोरुबिसिनाच्या एकूण मात्रेस मर्यादा घालतात आणि रोगमुक्तीनंतरही रुग्णाची दीर्घकाळ तपासणी आवश्यक मानतात.