शेठ, जरा वाजवून दाखवा ना!

आजचा भाग गाण्यांवर आहे, पण गायकांवर नाही, गिऱ्हाइकांवर आहे. एक प्रश्न विचारतो. एखादं गाणं कसं आहे हे माहीत नसताना तुम्ही त्याच्यासाठी शेवटचे पैसे कधी मोजलेत? बहुतेकांचं उत्तर 'कधीच नाही' असंच असणार. ॲप उघडलं, दहा सेकंद ऐकलं, नाही पटलं, पुढचं. पण आपल्या आईबाबांच्या तरुणपणी गाणं ही दुकानातून विकत आणायची वस्तू होती. आणि विकत घेण्याआधी ती ऐकायला मिळेल की नाही, हे बऱ्याचदा तुम्ही राहता कुठे यावर ठरायचं. मी रसायनीचा. त्यामुळे ही गोष्ट मी इथून बघतो.

आधी थोडं मागे जाऊ. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला आणि आपल्याकडे रेकॉर्डचा धंदा सुरू झाला. या ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या. वाजवायची सुई स्टीलची, एक बाजू संपली की ती बदलायची. आता दुकानदाराची अडचण बघा. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा तर तो वाजवावा लागतो, आणि वाजवला की झिजतो. साडी उलगडून दाखवली तर साडीचं काही बिघडत नाही. रेकॉर्डचं बिघडायचं.

मग लोक आधी ऐकायचे कुठे? मराठी माणसाकडे याचं झकास उत्तर होतं: संगीत नाटक. बालगंधर्वांचं पद थिएटरात वन्समोअर घेत घेत कितीही लांबायचं. तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. म्हणजे लोक आधी पोटभर ऐकायचे आणि मग त्यातला छोटासा तुकडा घरी न्यायचे.

नाटकाची ही जागा पुढे रेडिओने घेतली. १९५२ च्या सुमारास, बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिच्यात गाण्याचा नंबर ठरवताना दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीचाही विचार व्हायचा. मजा बघा, लोक रेडिओवर ऐकून रेकॉर्ड घेणार आणि त्यांनी काय घेतलं ते बघून रेडिओ पुन्हा तेच वाजवणार. आजच्या ट्रेंडिंग लिस्टची ही आजीच म्हणायची. १९५७ मध्ये आपली विविध भारती आली, तीही थोडी या धक्क्यामुळेच.

पण रेडिओवर ऐकायला मिळणार एखादं गाणं. अख्खा अल्बम घ्यायचा तर काय? त्यासाठी मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं. १९४० च्या दशकात सुरू झालेलं हे दुकान. तिथे ऐकण्यासाठी छोटी बूथ होती. आवडलेली रेकॉर्ड घेऊन आत जायचं, दार लावायचं, ऐकायचं आणि मग ठरवायचं. खिशात पैसे नसलेली कॉलेजची पोरंही तिथे तासन्‌तास रेंगाळायची. कोणीतरी निवांत बसून ऐकेल आणि न घेताच निघून जाईल, हे त्या दुकानाने धरूनच ठेवलं होतं. माझ्या मते त्या दुकानाचं खरं भांडवल हेच.

आता रसायनीला या. आपल्या गावाचं नावच कारखान्यांवरून आलेलं. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला, कॉलनी वसली, पुढे एमआयडीसी आली. शिफ्टवर जाणारी, दरमहा पगार घेणारी माणसं आली. म्हणजे गाणी विकत घेण्याइतका पैसा इथे होता, फक्त बूथ नव्हतं. लोकल पनवेलपर्यंत पोचली तीच १९९८ मध्ये. त्याआधी काळा घोड्याला जाऊन रेकॉर्ड ऐकायची म्हणजे एक अख्खी सुट्टी घालवायची.

ही अडचण कॅसेटने अर्धीच सोडवली. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, आणि ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी ती इतकी स्वस्त केली की मोहोपाड्याच्या बाजारातही ती टांगलेली दिसायला लागली. पण प्लास्टिकमध्ये सीलबंद! फोडली की कोण घेणार? मग दुकानदार एक पीस फोडून वाजवायला ठेवायचे. बाबा सांगतात, "शेठ, जरा वाजवून दाखवा ना," म्हटलं की शेठ म्हणायचे, "एकच गाणं हां दादा, ए साईडचं पहिलं." आणि पहिलं गाणं चांगलंच असायचं, कंपन्या काय वेड्या आहेत का? बी साईडला काय वाढून ठेवलंय ते घरी गेल्यावर कळायचं. बाबांची युक्ती अशी, की रविवारी दुपारी जायचं. तेव्हा गर्दी नसते, शेठही पेंगलेले असतात आणि कॅसेट आपोआप उलटून वाजत राहते.

ऐकून घेण्याचं आणखी एक कारण होतं: 'व्हर्जन' कॅसेट. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीमुळे, ठरावीक रक्कम भरून जुनं गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येत होतं. कव्हरवर जुन्या गायकाचं नाव मोठं, आत आवाज दुसऱ्याचा. यात काही चांगले गायकही तयार झाले. सोनू निगमला लोक आधी रफींच्या गाण्यांमुळेच ओळखायला लागले. पण ज्याला रफीच हवेत, त्याने दुकानात कान लावलेला बरा.

आणि सगळ्यात मोठं बूथ तर भर रस्त्यात होतं. गणपतीचा मांडव, हळदीचा लाऊडस्पीकर, १४ एप्रिलची मिरवणूक. प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, विठ्ठल उमपांची लोकगीतं, आनंद-मिलिंद शिंदेंची गाणी आमच्या खालापूर-कर्जतकडे लोकांनी आधी इथे ऐकली आणि मग कॅसेट घेतली. यातलं बरंचसं संगीत शहरी समीक्षकांनी कधी अल्बम म्हणून मोजलंच नाही. मोजलं कोणी? लाऊडस्पीकरवर ऐकून दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पैसे मोजणाऱ्या माणसाने. त्याचे ते तीस-पस्तीस रुपये म्हणजे मत होतं, आणि त्या मतावर पुढची कॅसेट निघायची.

आज काळा घोड्याचं बूथ प्रत्येकाच्या खिशात आहे. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण रसायनी आणि मुंबई यांच्यातलं अंतर ऐकण्यापुरतं तरी संपलं. पण बूथमधून बाहेर पडून काउंटरवर पैसे द्यायची पायरीच गेली. आता ऐकणं हीच विक्री, आणि एका ऐकण्याचे पैसे पैशाच्याही तुकड्यांत. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, पण वाटा कितीचा, हा प्रश्न उरतोच. म्हणून मराठी गायक पुन्हा कार्यक्रमांवर जगतात. बालगंधर्वांच्या काळात नाटक ऐकून रेकॉर्ड विकली जायची. आता ॲपवर गाणं ऐकून तिकीट विकलं जातं.

ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. पुढच्याच वर्षी एचओसीचा रसायनीचा कारखाना बंद करायचा निर्णय झाला. बाबांचे शेठ आता मोबाइलची कव्हरं विकतात. मधली काही वर्षं त्यांच्या काचेवर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' असा कागद होता. आधी कॅसेट भरून द्यायचे, मग कार्ड. क्रियापद तेच राहिलं.

तुमच्या घरी अशी न ऐकता घेतलेली, पस्तावलेली एखादी कॅसेट असेल तर आईबाबांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. बी साईडसकट. भेटू पुढच्या भागात!