कोनगाव : खाडीपल्याडच्या उपनगरातील रोजगार आणि भटकंती

कल्याणच्या पश्चिमेस, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला की पहिले गाव लागते ते कोन. नकाशावर ते भिवंडी तालुक्यात येते; रहिवाशांचा बाजारहाट, शाळा-कॉलेज आणि रेल्वेचे स्थानक मात्र कल्याणचे. मूळ वस्ती आगरी-कोळी समाजाची, व्यवसाय भातशेतीचा आणि मासेमारीचा. आज कल्याण-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत आणि रांजनोळीच्या दिशेने टोलेजंग गृहसंकुले दिसू लागली आहेत. खाडीच्या अलीकडे कल्याणातील खडकपाडा, गांधारे, बारावे ही संपन्न वस्ती, तर पलीकडे गोदामे, यंत्रमाग आणि औद्योगिक वसाहत. या दोहोंच्या मधोमध वसलेल्या कोनमध्ये घर घेण्याचा किंवा काम शोधण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही माहिती.

गाव की शहर?

जनगणनेच्या भाषेत कोन हे ‘जनगणना नगर’ आहे. किमान ५ हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० जणांची वस्ती आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, हे तीन निकष पूर्ण करणाऱ्या. पण नगरपालिका वा महापालिका नसलेल्या वस्तीला हे नाव मिळते. म्हणजे राहणीमान शहरी आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. भिवंडीभोवतालच्या ६० गावांच्या अधिसूचित क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झालेली आहे. त्यामुळे या पट्ट्यात घर घेताना ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानू नये. बांधकामाची परवानगी नियोजन प्राधिकरणाची आहे का आणि प्रकल्प ‘महारेरा’कडे नोंदलेला आहे का, या दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात. २०२२ मध्ये कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यामुळे केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबणेही धोक्याचे ठरते. मंजूर आराखड्याची खातरजमा परवानगी देणाऱ्या कार्यालयातूनच करून घ्यावी.

गोदामे येथेच का आली?

भिवंडीच्या गोदामांचा जन्म जकातीतून झाला. मुंबईत माल शिरताना जकात भरावी लागे. तोच माल महापालिकेच्या हद्दीबाहेर साठवून मागणीप्रमाणे शहरात नेला तर करापोटी गुंतणारा पैसा वाचत असे. मुंबई-नाशिक महामार्गालगतची सपाट भातखाचरे, तुलनेने स्वस्त जमीन आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांची त्याला जोड मिळाली. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांत बघता बघता पत्र्याच्या छपरांचे साम्राज्य पसरले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. जकातीबरोबर गोदामेही जातील, अशी शंका त्या वेळी घेतली जात होती, घडले उलटेच. प्रत्येक राज्यात स्वतंत्र लहान गोदाम ठेवण्याचे करविषयक कारण उरले नाही. कंपन्या मोठ्या आणि मोजक्या केंद्रांकडे वळल्या. त्यात इंटरनेटवरून खरेदीचा जमाना आल्याने मुंबई-ठाण्याच्या दारातली ही जागा अधिकच मोलाची ठरली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ज्या आमणे गावी संपतो, ते भिवंडी तालुक्यातच आहे.

कामाचे प्रकार

कोनच्या रहिवाशाला घरापासून १०-१२ किलोमीटरच्या परिघात साधारण चार प्रकारचे रोजगार उपलब्ध होतात.

पहिला अर्थातच गोदामांचा. माल उतरविणे-चढविणे, छाननी, पॅकिंग, बारकोड स्कॅनिंग ही प्राथमिक कामे. त्यांच्या वर फोर्कलिफ्टचालक, साठ्याची संगणकीय नोंद ठेवणारे, पाळीप्रमुख, वाहतुकीचे नियोजन करणारे आणि शीतगृहातील तंत्रज्ञ. प्राथमिक कामांची भरती दसरा-दिवाळीच्या तोंडावर वाढते आणि हंगाम संपला की ओसरते. वरच्या कामांना मात्र बारमाही मागणी असते.

दुसरा यंत्रमागाचा. भिवंडीची ओळख आजही कापडाची आहे. सायझिंग, वार्पिंग आणि विणकाम या टप्प्यांतून येथे ग्रे कापड तयार होते. मागावरचे काम बहुधा १२ तासांच्या पाळीचे आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या कामगारांवर हा धंदा उभा आहे. त्यांच्यासाठी चालणाऱ्या ‘भिशी’ नावाच्या खानावळी हे भिवंडीचे खास वैशिष्ट्य. वीजदर आणि सुताचे भाव यांच्या चढउतारांमुळे माग बंद पडण्याच्या घटना वारंवार घडतात. त्यामुळे स्थानिक तरुण या व्यवसायाकडे फारसे वळत नाहीत.

तिसरा सरवली-गोवे पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीचा. येथे कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि लहान उद्योग आहेत. आयटीआय झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन, बॉयलर परिचर यांना येथे वाव मिळतो.

चौथा प्रकार गृहसंकुलांनी निर्माण केला. सुरक्षारक्षक, उद्वाहन व पंप दुरुस्ती, स्वच्छता, वाहनचालक, घरकाम, पाळणाघरे, शिकवण्या, लहान दवाखान्यांतील परिचारिका ही कामे संपन्न वस्तीबरोबर चालत येतात. कल्याण पश्चिमेच्या नव्या भागात आणि रांजनोळी परिसरात त्यांचे प्रमाण वाढते आहे. महिलांना घराजवळ मिळणारे काम बहुतांशी याच वर्गातील असते.

कंत्राटाचा कागद

रोजगार आहे, पण कोणता, हा या भागातील कळीचा प्रश्न आहे. गोदामाच्या पाटीवर नाव नामांकित कंपनीचे असते. प्रत्यक्ष नेमणूक मात्र मनुष्यबळ पुरविणाऱ्या ठेकेदाराची, कित्येकदा त्याच्याही खालच्या मुकादमाची. हिशेब रोख, हजेरी वहीत आणि हातात कागद नाही. अपघात झाला वा पगार बुडाला तर दाद कोणाकडे मागायची, हेच अशा कामगाराला ठाऊक नसते.

म्हणून काम स्वीकारताना काही गोष्टींचा आग्रह धरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या असून त्यानुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी खाते क्रमांक मागून घ्यावा आणि दरमहा रक्कम जमा होते की नाही, हे ‘उमंग’ ॲपवर पाहावे. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी मासिक वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपये करण्यात आली. गोदामातील बहुसंख्य कामगार या मर्यादेत बसतात आणि कुटुंबासह उपचारांना पात्र ठरू शकतात. ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. मंडळाकडे नोंद झालेल्या कामगाराची मजुरी मंडळामार्फत मिळते आणि मालकाने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. नोंदणी नसलेल्या हमालाला यातले काहीच मिळत नाही.

राहण्याची जागाही याच सावधगिरीने निवडावी. २९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडीजवळील वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर कुटुंबे अशी इमारत कोसळून ८ जणांचा मृत्यू झाला. कामाच्या जागेला लागूनच स्वस्तात खोली मिळते. परंतु मालाच्या वजनाखाली उभ्या असलेल्या इमारतीत संसार थाटणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

ज्यांनी जमिनी दिल्या त्या गावांतील मुलांनी हमालीवरच थांबायचे काय, हाही विचार व्हायला हवा. फोर्कलिफ्टचा परवाना, साठा व्यवस्थापनाचे संगणकीय प्रशिक्षण, प्रशिक्षणार्थी कायद्याखालील विद्यावेतनासह उमेदवारी हे वर चढण्याचे मार्ग आहेत. राज्य शासनाच्या ‘महास्वयम’ संकेतस्थळावर नोंदणी केल्यास रोजगार मेळाव्यांची माहिती मिळू शकते.

जाण्या-येण्याची सोय

कोनला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. कल्याण स्थानक गाठण्यासाठी रिक्षा किंवा बस, आणि वाटेत दुर्गाडीचा पूल. अरुंद जुन्या पुलामुळे होणारी कोंडी वर्षानुवर्षे प्रवाशांच्या पाचवीला पुजलेली होती. नव्या सहापदरी पुलाच्या दोन मार्गिका २०२१ मध्ये खुल्या झाल्यानंतर तिची तीव्रता कमी झाली. तरी रांजनोळी नाक्यावरील अवजड वाहनांची गर्दी वेळापत्रक कोलमडवते. ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रो-५ मार्गाचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले. या मार्गावर गोवेगाव एमआयडीसी, कोनगाव आणि दुर्गाडी किल्ला अशी सलग स्थानके योजलेली आहेत. मात्र प्रकल्प टप्प्याटप्प्याने होणार असून ठाणे ते धामणकर नाका हा भाग आधीचा, तर कोनकडील भाग नंतरचा आहे. घराच्या किमतीत मेट्रोचे मोल आजच मोजताना हे ध्यानात ठेवावे.

सुट्टीच्या दिवशी

इतिहासाच्या बाबतीत हा परिसर श्रीमंत आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी जिंकली आणि मराठी आरमाराची उभारणी याच खाडीकाठी सुरू झाली. दुर्गाडीवरील देवीच्या मंदिरात नवरात्रात मोठी यात्रा भरते. एरवीही संध्याकाळी किल्ल्यावरून खाडीचे पात्र आणि पलीकडचे कोन पाहण्यासारखे असते. कल्याण शहरात काळा तलाव आणि १८६४ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे.

फारशी गर्दी नसलेले स्थळ हवे असेल तर भिवंडी तालुक्यातील लोनाड गाठावे. टेकडीवर खांडेश्वरी म्हणून ओळखले जाणारे बौद्ध लेणे आहे, तर गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष. जवळच्या चौधरपाडा येथे केशिदेव या शिलाहार राजाचा शके ११६१ मधील शिलालेख आहे. त्याच घराण्याच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील अंबरनाथचे शिवमंदिर कल्याणहून लोकलने तिसऱ्या स्थानकावर आहे. कसाऱ्याच्या दिशेने तिसरेच स्थानक टिटवाळा, तेथील महागणपती सर्वपरिचित आहे.

भिवंडीच्या पलीकडे अंजूर हे वसई मोहिमेतील गंगाजी नाईक अंजूरकरांचे गाव. तानसा नदीकाठी वज्रेश्वरीचे देवालय, अकलोलीची उष्ण पाण्याची कुंडे आणि स्वामी नित्यानंदांची समाधी असलेले गणेशपुरी यांची एका दिवसात सहल होते. १७३९ मध्ये वसई सर करण्यापूर्वी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केल्याची परंपरा सांगितली जाते. तालुक्यातील मराडे पाडा येथे १७ मार्च २०२५ रोजी शिवाजी महाराजांच्या मंदिराचे उद्घाटन झाले. तेही आता पर्यटकांचे आकर्षण ठरते आहे.

मुंबईची बाहेर टाकलेली कामे करणारा पट्टा, अशीच या भागाची ओळख आजवर राहिली. रस्ते आणि मेट्रो येतील तशा जमिनीच्या किमती वाढतील, संकुलेही उभी राहतील. त्या समृद्धीत खाडीपल्याडच्या कामगाराला नेमणूकपत्र, विमा आणि सुरक्षित छप्पर मिळाले, तरच कोनला उपनगर म्हणणे सार्थ ठरेल.