नवगावचे स्मारक व बेने इस्रायलांची आडनावे

इस्रायल देशातील अश्दोद नगरात राहणाऱ्या एका गृहस्थांसमवेत अलिबाग तालुक्यातील नवगाव पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास नुकताच आला. गृहस्थ बेने इस्रायल ज्ञातीचे. मातापितरे १९५० नंतर मुंबईहून तिकडे गेली. यांचा जन्म तिकडचा, वय साठीच्या आसपास. पूर्वजांची भूमी पाहण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग. मराठी आईच्या तोंडून शिकलेली, म्हणून बोलण्यात कोकणी हेल शाबूत. देवनागरी मात्र वाचता येत नाही.

नवगाव हे समुद्रकाठचे गाव. येथे ज्ञातीचे जुने दफनस्थान व स्मारक आहे. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया या किनाऱ्यास लागल्या, इतरांची प्रेते लाटांनी आणून टाकली ती येथे पुरली, आणि त्या चौदा जणांपासून सारी ज्ञाती वाढली, अशी परंपरा आहे. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली पूर्ण केलेल्या व १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या घटनेचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात धरला आहे. पाहुणे तेथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारले, “हे खरे ना?”

प्रश्न अवघड होता. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतेच आहेत, हे वाचकांस विदित आहेच. एकाच किनाऱ्यावर दोन ज्ञातींनी एकाच संख्येची कथा सांगावी, तेव्हा संशोधकाने ती कथा म्हणूनच घ्यावी. कोणी कोणाची उचलली, हा वाद येथे काढण्याचे कारण नाही. हे सांगताच पाहुण्यांचा चेहरा उतरला, आणि आपण अस्थानी बोललो असे आम्हांस वाटले. परंतु खोटे सांगवेना.

दंतकथा बाजूस ठेवली तरी हाती पुष्कळ राहते. शेजाऱ्यांनी या लोकांस ‘शनवार तेली’ म्हटले. हे लोक घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, एवढाच या नावाचा अर्थ. कुळाची थोरवी सांगण्यासाठी असले नाव कोणी स्वतःस लावून घेणार नाही. ते परक्यांनी ठेवलेले, म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची. धर्मग्रंथ जवळ नसता, हिब्रूचे ज्ञान लोपले असता, साप्ताहिक विश्रांतीचा दिवस त्यांनी सोडला नव्हता, हे त्यावरून निःसंशय ठरते. १७३८ सालच्या सार्टोरियस या पाद्र्याच्या पत्रातही हे लोक स्वतःस बेने इस्रायल म्हणवितात व ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी जाणतात, असा मजकूर आहे.

दुसरा पुरावा आडनावांचा. नवगावकर, केहिमकर, झिराडकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर अशी शंभराहून अधिक आडनावे या ज्ञातीत आहेत. त्यांतील गावे मांडून पाहता बहुतेक जुन्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यात पडतात. गावात राहणाऱ्यास गावाचे नाव लावण्याचे प्रयोजन नसते. ते गाव सोडल्यावर पडते. अर्थात ही आडनावे वस्तीची तशीच स्थलांतराचीही साक्ष देतात. १७९६ साली मुंबईत ज्ञातीचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेतले; त्यांस लोक समाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचा समाजी व इझिकिएलचा हसाजी झाला, यावरून भाषेने किती खोल मूळ धरले होते ते दिसते.

या गोष्टी केवळ विद्वानांच्या कुतूहलाच्या नव्हेत. इस्रायलात गेल्यावर या ज्ञातीच्या कुळाविषयीच शंका घेतली गेली. १९६२ साली तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. ज्ञातीने मोठी चळवळ केली आणि १९६४ साली तो भेद मागे घ्यावा लागला. पाहुण्यांच्या वडिलांस त्या दिवसांत पुरावा विचारला गेला होता. ते काय दाखविणार? दप्तर नाही, वंशावळ नाही. पाहुण्यांचा पहिला प्रश्न कोठून आला, ते आम्हांस तेव्हा उमगले. शनिवारचा बंद घाणा हा त्या प्रश्नास दंतकथेहून कितीतरी भक्कम जबाब होता. मात्र तेथे तो कोकणच्या शेजाऱ्यांवाचून कोण देणार!

दुपारी त्यांच्या आडनावाच्या गावी गेलो. गाव जवळच आहे. घाण्याचा मागमूस नाही, ज्ञातीचे घरही दृष्टीस पडले नाही. पारावर बसलेल्या एका वृद्धाने कोण, कोठले अशी विचारपूस केली व आडनाव ऐकून म्हणाला, “मग तुम्ही गाववालेच की. बसा, पाणी घ्या.” पाहुणे बसले. नंतर त्यांनी खिशातील वही पुढे केली व गावाचे नाव देवनागरीत लिहून देण्यास सांगितले. हिब्रू लेखनात स्वर बहुधा गाळतात आणि त्या नावातील मूर्धन्य वर्ण त्या लिपीत मुळीच नाही. त्यामुळे त्यांची मुले आपलेच आडनाव चुकीचे उच्चारतात, असे ते म्हणाले. आम्ही लिहून दिले. त्याखाली त्यांनी ते स्वतःच्या हाताने चार वेळा गिरविले.