बीच बॉइज व त्यांचा स्वरमेळ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, लॉस अँजेलिस नगराशेजारीं, हॉथॉर्न नांवाचें गांव आहे. तेथील विल्सन कुटुंबांतील ब्रायन, डेनिस व कार्ल हे तिघे बंधु, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह व मित्र अल जार्डिन यांनीं १९६१ सालीं जें गायकमंडळ उभारिलें, तेंच 'बीच बॉइज' या नांवानें विख्यात झालें. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ हा त्यांच्या आरंभींच्या गीतांचा विषय. गंमत अशी कीं, पांच जणांत तो खरोखर खेळणारा डेनिसच काय तो होता! तेव्हां विषयावरून त्यांची किंमत करूं नये.

त्यांचें सामर्थ्य कंठांत होतें. ज्येष्ठ बंधु ब्रायन यास उजव्या कानानें जवळजवळ ऐकूं येत नसे. तथापि 'फोर फ्रेशमेन' नामक चौघा गायकांच्या तबकड्या तो पुनः पुनः लावी, पियानोवर त्यांतील एकेक आवाज निराळा काढी, आणि तो भावांस व आईस शिकवी. आपल्या गायनवृंदांत ज्यांनीं आल्टो वा टेनर घोटला आहे, त्यांस या खटाटोपाची कल्पना सहज येईल. एकाच घरांत वाढलेल्या कंठांचे उच्चार आपोआप जुळत, व त्यांवर ब्रायनचा उंच, कोमल स्वर चढे.

१९६४ च्या अखेरीस ब्रायननें दौरे सोडिले व तो ध्वनिमुद्रणांतच रमला. बीटल्स मंडळाच्या 'रबर सोल'नें ईर्षा चेतविली, आणि १९६६ मध्यें 'पेट साउंड्ज' हा गीतसंग्रह सिद्ध झाला. स्वदेशांत त्याचें स्वागत बेताचेंच झालें. बीटल्सपैकीं पॉल मॅकार्टनी यांस मात्र त्यानें भारून टाकिलें, व १९६७ च्या 'सार्जंट पेपर'ला त्यापासून प्रेरणा मिळाल्याचें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. 'गुड व्हायब्रेशन्स' हें एकच गीत कित्येक महिने, निरनिराळ्या ध्वनिमुद्रणगृहांत, तुकड्या-तुकड्यांनीं घडलें.

घरांतील मेळ मात्र स्वरांइतका टिकला नाहीं. व्यवस्था पाहणाऱ्या पित्यास मुलांनीं १९६४ मध्यें दूर केलें. पित्यानें १९६९ मध्यें गीतांचे प्रकाशनहक्क विकून टाकिले. ब्रायनच्या मनास आजार जडला, व 'स्माइल' हा संग्रह १९६७ मध्यें अर्धवट राहिला. त्यासाठीं रचिलेली 'अवर प्रेयर' ही शब्दविरहित प्रार्थना, केवळ कंठांची गुंफण, १९६९ मध्यें प्रकाशांत आली. या मंडळाची पारख करूं इच्छिणाऱ्यानें, आमच्या मतें, प्रथम हीच ऐकावी.

डेनिस १९८३ मध्यें पाण्यांत बुडून वारला. कार्ल १९९८ मध्यें कर्करोगानें. 'स्माइल' ब्रायननें २००४ मध्यें नव्या साथीदारांसह पुरा केला, व ११ जून २०२५ रोजीं तोही निवर्तला.