तीन गरजा, एक समिती: मॅसॅच्युसेट्सच्या जतननिधीची वाटचाल

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गावाचा वारसा गावकऱ्यांनीच खिशातून पैसे घालून राखायचा, ही कल्पना आधी बेटांवर रुजली. १९८३ मध्ये नॅनटकेटने जमीन-घरांच्या खरेदीविक्रीवर २ टक्के आकार बसवून त्यातून मोकळ्या जागा घ्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये मार्थाज व्हिनयार्डनेही तोच मार्ग धरला. राज्यात इतरत्र मात्र अशा आकाराला विरोध होत राहिला. अखेर निसर्ग, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं यांसाठी झटणाऱ्या मंडळींनी एकत्र मागणी लावून धरली. १४ सप्टेंबर २००० रोजी राज्यपाल पॉल सेलुची यांनी सामुदायिक जतन कायद्यावर सही केली.

या कायद्यात सक्ती नाही. मतदारांनी मंजुरी दिली तरच गावाला मालमत्ता करावर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार घेता येतो. ज्याचा वर्षाचा कर ५,००० डॉलर, त्याच्यावर फार तर १५० डॉलरचा भार पडतो. अल्प उत्पन्न असलेल्यांना सूट देण्याची मुभा गावाला आहे. राज्यही आपला वाटा घालतं. सुरुवातीची काही वर्षं तो डॉलरला डॉलर असा होता. पुढे सहभागी गावं वाढली, वाटा रोडावला. म्हणून २०१९ च्या अखेरीस, ज्यातून हा वाटा येतो तो दस्तनोंदणीवरचा आकार २० डॉलरवरून ५० डॉलरवर नेण्यात आला.

पैसा कुठे जावा, हे ठरवताना ५ ते ९ जणांच्या समितीचा कस लागतो. पर्यावरण, इतिहास, नियोजन, उद्यानं आणि गृहनिर्माण पाहणाऱ्या गावच्या मंडळांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी तिच्यात असतो. वर्षातून एकदा तरी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. मोकळ्या जागा, ऐतिहासिक वास्तू आणि परवडणारी घरं यांसाठी दरवर्षी प्रत्येकी किमान १० टक्के रक्कम खर्चायची किंवा राखून ठेवायची. त्यामुळे कितीही वजनदार गट असला, तरी दुसऱ्याचा घास त्याला हिरावता येत नाही. उरलेल्या पैशासाठी मात्र खरी चुरस लागते. नगरभवनाचं गळकं छप्पर मूळ धाटणीने नव्याने घालायला पैसे मिळू शकतात, रोजच्या देखभालीला नाही.

समिती फक्त शिफारस करते, शेवटचा शब्द ग्रामसभेचा. सभा रक्कम कमी करू शकते, प्रस्ताव फेटाळूही शकते, पण वाढवू शकत नाही, आणि शिफारशीवाचून एक डॉलरही देऊ शकत नाही. तज्ज्ञांची मनमानी आणि सभेतला भावनेचा भर, दोन्हींना यामुळे आळा बसतो.

तरीही पेच सुटत नाहीत. ॲक्टन गावाने एका जुन्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी अनुदान मंजूर केलं. मुख्य खिडकीवर येशू आणि गुडघे टेकून बसलेली स्त्री होती. हा वारसा म्हणायचा, की करदात्यांच्या पैशाने धर्माला मदत? काही रहिवासी कोर्टात गेले. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खिडक्यांचं अनुदान रोखलं. मात्र चर्च आहे एवढ्यावरून सरसकट नकार न देता प्रत्येक प्रस्ताव काळजीपूर्वक तपासावा, असाच निकालाचा रोख राहिला. तेव्हापासून धार्मिक वास्तूंचे अर्ज समित्यांना अधिक बारकाईने पाहावे लागतात.

बॉस्टनच्या मतदारांनी २००१ मध्ये हा कायदा नाकारला आणि २०१६ मध्ये १ टक्का अधिभारासह स्वीकारला. राज्यातल्या ३५१ गाव-शहरांपैकी निम्म्याहून अधिक आज या वाटेवर आहेत.

या गावांत मराठी कुटुंबंही राहतात आणि हा अधिभार भरतात. त्यांना कळकळीची विनंती: समितीच्या जाहीर सुनावणीला जरूर जा. मतदार असाल तर ग्रामसभेतही बसा. पैसा तुमचा आहे. तो कशाच्या जतनाला लागावा, हे सांगण्याचा हक्क बजावा.