वनस्पतिजन्य डासनाशके

हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, हत्तीरोग यांसारखे रोग पसरविणाऱ्या डासांना मारण्यासाठी, त्यांची वाढ रोखण्यासाठी किंवा त्यांना दूर ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे वनस्पतींचे अर्क, तेले व भुकट्या. तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करण्याची रीत जुनी आहे. डीडीटीसारख्या कृत्रिम कीटकनाशकांना डास दाद देईनासे झाले, तेव्हा अशा वनस्पतींकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले.

यांतील सर्वांत यशस्वी द्रव्य पायरेथ्रम. मूळच्या डाल्मेशियातील, शेवंतीच्या जवळच्या एका पांढऱ्या फुलापासून ते मिळते. त्यातील पायरेथ्रिने डासाच्या मज्जातंतूंतील सोडियम-मार्ग उघडे ठेवतात. डास थरथरत खाली पडतो. उन्हात ती लवकर विघटित होतात, त्यामुळे घराच्या आत फवारण्यास सोयीची. भारतात रुग्ण आढळलेल्या घरात व शेजारी २ टक्के अर्काचा १ भाग १९ भाग रॉकेलमध्ये मिसळून फवारतात. डासांची कॉइलही याच फुलाच्या भुकटीतून जपानमध्ये आली. १८९० च्या सुमारास तिथे निघालेली उदबत्तीसारखी कांडी फार लवकर जळून जाई, म्हणून तिला वेटोळ्याचा आकार मिळाला. आजच्या बहुतेक कॉइलांत फुलाऐवजी त्याच्या धर्तीवर बनविलेली कृत्रिम पायरेथ्रॉइडे असतात.

कडुनिंबाच्या बियांतील अ‍ॅझाडिरॅक्टिन (१९६८ मध्ये वेगळे केले गेले) तडकाफडकी मारत नाही. ते कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते आणि अळी डास होण्याआधीच अडकते. झेंडूतील एक द्रव्य प्रकाशातच विषारी ठरते.

अर्काची ताकद प्रयोगशाळेत अशी पाहतात : भांड्यातील पाण्यात अर्क मिसळून तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील २५ अळ्या सोडायच्या व २४ तासांनी मोजायच्या. सुईने डिवचूनही न हलणारी अळी मेलेली. पाणी हलविल्यावर बुडी मारत नाही किंवा पृष्ठभागावर येऊ शकत नाही, ती मरणोन्मुख. तिचीही गणती मेलेल्यांतच होते. निम्म्या अळ्या ज्या मात्रेला मरतात, तिच्यावरून अर्कांची तुलना होते. अडचण इथेच आहे. त्याच झाडाचा अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, बी कोणत्या हंगामातले, यावर ही मात्रा बदलते. भांड्यात गुणकारी ठरलेले अनेक अर्क बाजारात येत नाहीत, त्याचे हे मोठे कारण आहे.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे. उवांवर लावतात ती सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. पायरेथ्रिने माशांना अतिशय विषारी असल्याने गप्पी मासे सोडलेल्या टाकीत ती चालत नाहीत. डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. पाण्यात मिसळलेला अर्क तिथवर पोहोचत नाही, त्यामुळे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावेच लागते.